मिरजेपर्यंत आणि परत

मंगळवारी चार वाजता जुबेदा येते.
चप्पल दारात, मोबाईल फ्रिजवर,
आणि मला म्हणते, "जा की आता, बघत काय उभी राहिलीस?"
मी पर्स उचलते.
आप्पा विचारतात, "ह्या बाई कोण?"
जुबेदाबद्दल नाही. माझ्याबद्दल.

बाळगोंडा मगदूम, हळदीचे अडते.
चाळीस वर्षं टॉवेलाखाली सौदे केले.
वर चेहरे दगडाचे, खाली बोटं बोलायची.
दादाला ती भाषा शिकवली.
मला नाही. पोरीच्या जातीला यार्डात काय काम.

आता शिकलेय.
रात्री दोन वाजता चादरीखालून हात येतो.
एक बोट धरलं, तर पाणी.
दोन धरली, तर मोरी; तीही बहुतेक उशिरा कळवलेली.
सगळी मूठच आवळली
तर काहीच नको असतं.
नुसते घाबरलेले असतात.

दिवस मावळल्यावर जन्मात कधी
पाण्याचा घोट घेतला नाही ज्यांनी,
ते आता आठ वाजता ताट मागतात.
"दिवसभर उपाशी ठेवलंस की गं मला."
जेवलेत. भाकरी, मुगाची आमटी, उन्हं असताना, बोटं चाटून.
पहिल्या वेळी मी त्यांना त्यांचा नेम आठवून दिला.
लहान पोरासारखे रडले.
तेव्हापासून खिडकी लावून घेते,
दोन्ही ट्यूब पेटवते, म्हणते,
"अजून ऊन आहे आप्पा, जेवा."
हे पाप कुणाच्या खात्यावर मांडायचं
ते अजून कुठल्या महाराजांना विचारलेलं नाही.

रविवारी दादाचा पुण्याहून फोन.
"तुझी पण काळजी घेत जा गं, त्रिशला."
घेते की. काय भावानं मिळते? किलोवर की पोत्यावर?
असं म्हणत नाही.
"बरं," म्हणते,
आणि दूध उतू चाललंय सांगून फोन ठेवते.
दूध कधीच फ्रिजात गेलेलं असतं.

मागच्या श्रावणात एकदा मी हात उगारला.
उगारला फक्त.
त्यांनी तो हवेतच धरला
आणि बोटं मोजायला लागले.
त्याच आठवड्यात जुबेदाला विचारलं,
मंगळवारी येशील का.

तर मी स्टँडवर जाते आणि मिरजेची बस धरते.
मिरजेत माझं काही काम नाही.
आधी लाजेनं दवाखान्याची पिशवी घ्यायचे, रिकामी.
आता तीही घेत नाही.
बाईमाणसाला अर्धं तिकीट.
वर्षानुवर्षांत कुणीतरी माझं काही अर्धं केलं.

राम मंदिर. पुष्पराज चौक.
मार्केट यार्डाला बस थांबते
आणि हळदीचा वास तिकीट न काढता आत चढतो,
आप्पांच्या जुन्या सदऱ्याचा.
कधी डोळे भरतात. कधी नाही भरत.
विश्रामबागेच्या पुढं मला झोप लागते, तोंड उघडं टाकून,
शेजारणीच्या खांद्यावर डोकं गेलं तर जाऊ दे.

"मावशी, मिरज आलं."
"माहितीय. परत सांगली द्या."
सुरुवातीला कंडक्टर विचित्र बघायचा.
परवा त्यानं खिडकीतून चहाचा कप वर दिला,
काही विचारलं नाही.

येताना पदराखाली
डाव्या हातानं उजव्याची बोटं धरते.
एक. दोन. तिसरं जरा दाबून.
मीच अडत्या, मीच गिऱ्हाईक,
माल काय, तर दीड-दोन तास.
भाव परवडत नाही.
तरी सोडत नाही.

घरी जुबेदा सांगते, कितीदा उठले, कुणाला हाका मारल्या.
आप्पा मान वर करून बघतात.
"आलात? काय भाव लागला?"
"बऱ्यापैकी," मी म्हणते,
आणि उन्हं आहेत तोवर
ताट वाढायला घेते.