अंगठा

सुरुवातीला आम्हाला वाटलं, सवयच आहे.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात काढलेला माणूस,
तो निवृत्त झाला म्हणून अंगठा थोडाच निवृत्त होतो?
टीव्हीसमोर बसून अण्णा
उजवा अंगठा तर्जनीवर घासत राहायचे,
हलका, एकसारखा,
आणि आई म्हणायची, झाली का हो मोजणी? किती भरले?

शरणपूर रोडचे डॉक्टर कासलीवाल म्हणाले, ही मोजणी नाही.
कागदाच्या पाठीवर त्यांनी मेंदू काढला,
फ्लॉवरचा गड्डा उभा चिरल्यासारखा,
आणि देठाशी पेनानं एक काळी रेघ गिरवली.
एवढीशी. नखातल्या मळाएवढी.
इथून एक रस निघतो, म्हणाले,
तो हाताला सांगतो, चल. तोच सांगतो, थांब.
यांची रेघ पुसत चाललीये.
निम्म्याहून जास्त जाईपर्यंत कुणाला कळत नाही.

प्रामिपेक्झोल. अर्धा मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा.
जेल रोडला माझंच मेडिकल.
स्ट्रिप मीच कातरली.
आतला कागद, सोळा घड्यांचा, मुंगीच्या अक्षरांचा,
रोज टाकते तसा टोपलीत टाकला.

दीड महिन्यात अण्णा शर्टाची बटणं स्वतः लावू लागले.
चहा बशीत सांडेना.
आईनं मुक्तिधामला नारळ फोडला,
आणि मी खोकल्याचं औषध मागणाऱ्यालाही
हे सगळं सांगत सुटले.

दिवाळीनंतर, रात्री तीनला,
त्यांच्या दाराखालून निळा उजेड.
रमी.
गणपतीच्या जागरणातही ज्यांनी पत्ते हातात धरले नाहीत,
ज्यांनी गेटवर रोज झडती दिली
आणि करोडो मोजून रिकाम्या खिशानं घर गाठलं,
बिटकोला रुपया जास्त आला म्हणून
जे बसमागं धावले,
ते अण्णा.

मुदत ठेव गेली. आईच्या पाटल्या गेल्या.
माझ्या गल्ल्यातून शंभर, मग पाचशे.
विचारलं तर डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, मी नाही घेतले.
बहात्तराव्या वर्षी
पहिलं खोटं, आणि किती सफाईदार.

कासलीवाल बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, गोळी आपण हाताकडे पाठवली,
पण गोळीला पत्ता वाचता येत नाही.
मेंदूत हालचालीच्या शेजारीच हौस राहते,
किल्ली दोन्ही कुलपांना लागली.

त्या दुपारी नवा डबा फोडला.
काउंटरमागं उभी राहून, भिंग घेऊन वाचला तो कागद.
झोपाळूपणा आणि पायांची सूज
यांच्या मधे, दाटीवाटीत उभी:
जुगाराची अनावर ओढ.

एक गोष्ट मी डॉक्टरांनाही सांगितली नाही.
त्या रात्री मी दार लगेच ढकललं नव्हतं.
फटीतून पाहिलं,
या आजारात चेहरा थिजतो, त्यांचाही थिजला होता,
पण जोकर आला
आणि अण्णा हसले.
माझ्या लग्नात हसले नव्हते तसे. नातू झाला तेव्हाही नाही.
तो रसाचा माणूस माझा कोण लागत होता?
आणि तो रस असा उतू जाऊ शकतो, तर
चौतीस वर्षांची ती सचोटी,
तीसुद्धा कुठल्या थेंबाच्या मापात होती का?
इथवर आले की मी शटर ओढते.

गोळी कमी केली. अर्धी, मग अर्ध्याची अर्धी.
रमी गेली, जशी आली तशी, निरोप न घेता.
बटणं पुन्हा आई लावते.
किती भरले, असं मात्र ती आता विचारत नाही.

काल दुकानात बाकड्यावर बसले होते,
बाहेर रिक्षांची कलकल, अंगठा चालू.
मी कात्री थांबवून बघत राहिले.
"हेमे," खाली मान घालूनच म्हणाले,
"एक बंडल कमी भरतंय गं."
मी म्हटलं, परत मोजा, अण्णा.