कुठला माझा

सुवाहून रात्रभराच्या बोटीने आलो.
बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
तोंडात बंदरावरच्या कचेरीची भाषा.
बुबू दारात केवड्याच्या पातीची चटई विणत होती.
म्हटलं, बुबू, तहान लागलीय, माझा नारळ कुठाय?
तिचे हात थांबले.
“कुठला माझा?”

प्यायचा असेल तर मेंगू.
खोबरं खायचं असेल तर केंगू.
नुसता मालकीचा, बाजारात नेऊन विकायचा, तर नोंगू.
मी नोंगू म्हणालो होतो.
“एवढा समुद्र ओलांडून नारळ विकायला आलास?”
शेजारची तराइविनी हसता हसता खोकली.

आईला, बापाला, गुडघ्याला यांतला एकही लागत नाही.
तिथे ‘माझा’ मागून येतो, शब्दाला चिकटतो,
खडकाला कालव चिकटावं तसा. तिनांगू. तमांगू.
सुरी घातल्याशिवाय सुटत नाही.

ओहोटीला तिने मला जुन्या गावात नेलं.
गाव टेकडीवर गेल्याला तीन वर्षं झाली.
त्याआधी एक साहेब आला होता,
आपण सगळे वर जाऊ या, म्हणाला.
आमच्या भाषेत आपण वेगळं, आम्ही वेगळं.
म्हातारे त्या ‘आपण’वर भुलून सह्या करून बसले.
पत्रे आले, खांब आले,
तो काही आला नाही.

चर्चची पायरी पाण्यात. तिच्यावर खेकडे.
पलीकडे बिनशेंड्याचं एक खोड, तिरकं.
“तुझी नाळ त्याच्या मुळाशी आहे,” बुबू म्हणाली.
“मीच पुरली. वर कोंब फुटलेला नारळ ठेवला.”
हात लावून पाहिलं. मिठाने खरखरीत.
माझं म्हणायला तोंड उघडलं
आणि तसंच राहिलं.
पिण्यासारखं नाही, खाण्यासारखं नाही,
विकत तर कोण घेणार.
“बुबू, ह्याला कुठला?”

ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती.
“समुद्राला विचार. तो केंगू म्हणतो.”

मग टोपलीतून शहाळं काढलं,
कोयत्याच्या तीन घावांत त्याचं तोंड उघडलं,
माझ्यापुढे धरलं, आणि सोडेचना.

मेंगू, मी म्हणालो.

पाणी जरा खारट लागलं.
तिला सांगितलं नाही.