नळीवरची तारीख

वडगावातली ही खोली घेतली तेव्हा
शेगडी आमची, सिलिंडर आमचा,
नळी मात्र आधीच्या भाडेकरूची,
ओट्याखाली राहून गेलेली.
भैरू म्हणाला, चांगली हाय की, नवी कशाला?
घरमालक होसमनी म्हणाले,
खिडकीचा खिळा तेवढा काढू नका,
पलीकडचं अंगण कोर्टात हाय.

भैरू उद्यमबागेत, फौंड्रीत.
दिवसभर वितळलेलं लोखंड साच्यात ओततो,
बुटावर ठिणगी पडली तर
भुसा झटकावा तशी झटकतो.
ओट्यावरच्या बोटभर निळ्या ज्योतीला
तो काय भीक घालणार?

त्या रात्री यंत्रमागांची खडखड थांबली
आणि थांबल्यावरच वास आला.
सडक्या कांद्याचा.
कांदे तर शनिवारीच संपले होते.

भैरूचा हात सवयीनं बटणाकडं गेला.
भिंतीपलीकडून निंगव्वा ओरडली,
"लाइट हच्चब्याड्री!"
एवढं कन्नड मला कुणी शिकवलं नव्हतं,
आणि कुठलंच इतकं लगेच कळलं नव्हतं.
हात हवेतच राहिला.

चाचपत रेग्युलेटर बंद केला.
भैरूनं खिडकीला खांदा लावला,
खिळा कुजक्या लाकडासकट निघाला.
पोरीला गोधडीसकट उचलून आम्ही बोळात.
कोपऱ्यावरच्या शिंप्यानं बिडी काढली,
निंगव्वानं ती त्याच्या ओठांतून ओढून
गटारीत टाकली.
आमचा वास मात्र
कोर्टातल्या अंगणातून निघून गेला,
तारीख न घेता.

सकाळी नळीवर साबणाचा फेस लावला.
वाकणाशी एक बुडबुडा फुगला,
फुटला, परत फुगला,
झोपेत पोरीच्या नाकाशी येतो तसा.
नळी पुसली. छापलेलं साल दिसलं,
आमच्या लग्नाच्याही आधीचं.

नवीचे पैसे कुणी द्यायचे,
यावर होसमनी दोन दिवस बोललेच नाहीत.
आम्हीच दिले.
भाड्यातून कापायला हवे होते,
असं भैरू अजून म्हणतो, भाडं देऊन आल्यावर.

आता झोपायच्या आधी तो एकदा ओट्याशी जातो,
खटका बघतो, वाकून हुंगतो,
भट्टीवरचा माणूस, चोरपावलांनी.
मी जागी असते. काही बोलत नाही.

खोली सोडताना नळी न्यायची की ठेवायची,
ते ठरलेलं नाही.
ओट्याखालच्या भिंतीवर मात्र
फौंड्रीतल्या खडूनं नवीचं साल लिहिलंय,
आणि त्याखाली निंगव्वाच्या नातवानं, कन्नडात.
त्याचे आकडे जरा तिरपे आलेत.