मिळून आला नाही

वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला.
वाचा, म्हणाल्या, मग सही करा.

"आरोपी हेतुपुरस्सर गैरहजर राहत आहे,
सबब त्याच्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढण्याचा
हुकूम व्हावा, ही विनंती."

हेतुपुरस्सर.
एवढा जड शब्द मी कुणावर टाकला नव्हता आजवर,
नवऱ्यावरसुद्धा नाही, आणि तो तर
सतरा वर्षं घरात बसून गैरहजर होता.

चौसष्ट हजारांची फुलं होती, साहेब.
पहाटे तीनला मार्केटयार्डात उभं राहून निवडलेली शेवंती,
सव्वादोनशे किलो झेंडू, निशिगंध वेगळा.
सिंहगड रोडचं कार्यालय मी दारापासून बोहल्यापर्यंत मढवलं.
मुलीचा गजरा स्वतः गुंफला, स्वतः माळला,
केस दाट होते तिचे, आकडे पुरेनात.
त्याचे पैसे लावले नव्हते.
ते या अर्जात नाही.

चेक परत आला. बँकेचा शेरा इंग्रजीत होता,
मेडिकलवाल्या पोरानं वाचून दाखवला आणि
औषधाचे पैसे घ्यायचे विसरला.

तेव्हापासून शिवाजीनगर.
तिसरा मजला, जिन्याजवळचं बाक.
एक पाय आखूड आहे त्याचा,
खाली कुणीतरी जुन्या बोर्डाची घडी सारलीय.
आजूबाजूला बसलेल्यांची नावं मला पाठ झाली,
कुणाचा भाडेकरू, कुणाचा भाऊ, कुणाचा बांध.
पट्टेवाला दारात येऊन पुकारतो,
पासलकर रमाकांत वसंत! पासलकर रमाकांत वसंत!
तिसऱ्यांदा पुकारायच्या आत
मीच उठून उभी राहते.
तारीख त्याची, हजेरी माझी.

पहिलं समन्स आलं परत, घर बंद.
मग जामीनपात्र वॉरंट, त्याच्या पाठीवर पोलिसांचं अक्षर,
"सदर इसम मिळून आला नाही."
जसं काही जत्रेत सुटलेलं पोर.

मला मिळतो की.
पर्वतीच्या पायथ्याशी माझी टोपली असते.
समोरून जातो पांढरे बूट घालून, पायऱ्या मोजत,
माझ्यापाशी आला की मोजणी चुकते.
शनिवारी मारुतीला रुईची माळ लागते त्याला,
पुतण्याला पाठवतो.
पोरगा सुटे आणतो. बरोब्बर वीस.
देवाची उधारी ठेवत नाही माणूस.
मीही माळ देते, पानं बघून, किडकं काढून.

वकीलबाई म्हणाल्या, याला इंग्रजीत बेंच वॉरंट म्हणतात.
मी म्हटलं, बरोबर आहे,
त्या बाकानंच मागितलंय ते, मी नुसती सही करते.
त्या हसल्या. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

आत फार वेळ लागला नाही.
आरोपी? गैरहजर. फिर्यादी शांता मोतीलाल परदेशी? हजर.
साहेबांनी मान वर न करता काहीतरी लिहिलं,
गजऱ्याला गाठ मारायला लागतो तेवढाही वेळ नाही,
आणि दोन वर्षं त्या एका ओळीत मावली.
मला वाटलं होतं काहीतरी होईल,
पंखा थांबेल, निदान कुणी वळून बघेल.
पुढचं नाव पुकारलं गेलं.

फॉर्मवर पत्ता लिहिला, घराच्या खाणाखुणा लिहिल्या:
तिसरी गल्ली, निळं फाटक, तुळशीपाशी नळ.
त्या नळावर मी फुलांचे हारे धुतले होते,
त्यांच्या मंडळींनी चहा दिला होता, बशीत दोन बिस्किटं.

हवालदार म्हणाले, घर दाखवायला तुम्हीच चला बाई,
नाहीतर परत मिळून येणार नाही.
येते म्हटलं. शनिवार सोडून कधीही.

ऐकलंय, मुलगी माहेरी आलीय सध्या.
दार तिनं उघडलं तर
तिच्या केसांकडे बघायचं नाही,
एवढं ठरवून ठेवलंय.