उघडी आग लागते का?

फॉर्ममधला अकरावा प्रश्न असा आहे :
वाद्यासाठी उघडी आग लागते का?
त्याच्या वर : कातडं कोणत्या जनावराचं?
सगळ्यात वर माझं नाव, त्यांनीच टाईप केलेलं,
प्रणोती अवघडे, मधलं एक अक्षर गाळून.

घेंट, बेल्जियम. नऊ मेचं विमान,
सात महिने, एकोणीस गावं.
आणि चौदा मेला सकाळी साडेदहाला
स्ट्रक्चरल डिझाईन, भाग दोन,
जो मागच्या वेळी चार मार्कांनी गेला.

हे सगळं आप्पांच्या मनगटामुळं.
वडणग्याच्या मैदानात, शेवटची जोड ऐन रंगात,
त्यांचा हात भरून आला, टिपरू गळालं,
आणि मी ओढणी कमरेला खोचून उभी राहिले.
दोघं पैलवान पकड न सोडता
माना वळवून माझ्याकडं बघत राहिले,
मग हलगीनं त्यांना पुन्हा कामाला लावलं.
कडेला एक लांबुडका गोरा माणूस
मोबाईल खिशात ठेवून
मांडीवर मात्रा मोजत होता, आणि चुकत होता.
मला हसू आलेलं.
महिन्यानं त्याचं पत्र आलं.

मगदूम सर म्हणाले, पदवी कुठं पळून जाणार आहे?
मग चष्मा पुसला आणि म्हणाले,
असं म्हणून गेलेल्या तिघांची नावं मला पाठ आहेत.
तबस्सुम म्हणाली, जा.
तिचं लग्न ठरलंय, ती हल्ली सगळ्यांनाच जा म्हणते.
आई शिरोलीच्या कॅन्टीनमधून दमून आली,
तिथं जेवायचं काय, एवढंच विचारलं
आणि तेच पातेलं दोनदा घासलं.

घरी मी 'जातो' म्हणते, कॉलेजात 'जाते'.
इंग्रजी पत्रात दोन्ही नाही,
तिथं नुसतं जाणं आहे,
आणि तेही मी अजून लिहिलेलं नाही.

गंगावेशीत म्हशीच्या धारेखालचा पेला
आप्पांनी एका दमात संपवला.
मिशीला फेस तसाच.
म्हणाले, तुझ्या हातात हे नगं, म्हणून तर शिकवली.
पाचशे लग्नं वाजवली असतील,
मांडव आतनं कसा दिसतोय ठावं न्हाई.
तुझ्या पदवीच्या मांडवात मला खुर्ची पायजे.
मागची चालंल.
पण खुर्ची.

चार वर्षांत मी एवढं शिकले
की तुळईवर भार कुठं ठेवला
म्हणजे ती कुठं वाकते, ते काढता येतं.
पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीचं वजन
मी वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं.
उत्तर जुळेना.
घेंटच्या सभागृहात चारशे खुर्च्या आहेत म्हणे,
सगळ्या माझ्याकडं तोंड केलेल्या.
त्यातली एकही आप्पांची नाही.

रात्री ते अंगणात हलगी घेऊन बसलेले,
कातड्यावरून अंगठा फिरवत.
ही न्हेऊ नगंस, गारठ्यात उतरंल.
वडगावच्या बाजाराला जाऊन
पातळ कातडं बघतो शेळीचं.
म्हणजे जाऊ म्हणताय?
म्या कुठं काय म्हटलं, म्हणाले,
आणि बॅटरी बंद करून आत गेले.

काल परीक्षेची फी भरली.
पावती हलगीच्या पिशवीत ठेवली,
ती पिशवी मी कुठं विसरत नाही म्हणून.
मग परड्यात उसाचा पाला पेटवला,
हलगी धगीवर धरली, फिरवली,
कातडं ताणत गेलं तसा
बोटांखालचा आवाज वर चढला.
एकदाच वाजवली, बारीक काडीनं.
शेजारच्यांची खिडकी धाडकन लागली.

हाताला धुराचा वास होता तसाच
फॉर्म उघडला.
अकराव्या प्रश्नापुढं लिहिलं : हो.
बाकीचे रकाने
अजून कोरे आहेत.