माठाखालचं तापमान

केळीच्या करप्याची बुरशी मी फैजपुरात वाढवते.
लोक तिला मारायला औषध विकत आणतात,
मी तिला बटाट्याचा अर्क आणि साखर घालते,
आणि मग थोडं थोडं विष.
सात मात्रा, आठवी कोरी. प्रत्येकीच्या तीन बशा.
पंधराव्या दिवशी पट्टी लावून
वर्तुळांचे व्यास मोजते
आणि आकडे संगणकाच्या रकान्यांत भरते.

सॉफ्टवेअर आधी विचारतं, तुमचा अंदाज काय?
तळ कुठे, माथा कुठे, चढ किती,
आणि निम्मं काम कोणत्या मात्रेला होईल?
हे ठाऊक असतं, बाबा,
तर तुझ्या दारात कशाला आले असते!
तरी दिले चार आकडे, ठोकून.
चक्र फिरत राहिलं, मग पाटी आली:
जुळलं नाही.
हे दोन शब्द आमच्या घरी दोनदा येऊन गेलेत.
तेव्हा पत्रिका होती.

झोपे सर म्हणाले, शून्य काढ आधी,
लॉगच्या अक्षावर शून्याला बसायला जागा नसते.
म्हणजे जिला विषाचा थेंब लागला नाही,
जी बशीभर पसरली, राखाडी, मखमली,
नेमकी तीच आलेखात नाही.
तिच्या जागी दशांशानंतर चार शून्यं देऊन
एक नगण्य आकडा लिहायचा
आणि पुढे व्हायचं.

मग उमटली रेघ.
आधी सपाट, लांबच लांब: पालथ्या घड्यावर पाणी.
मग एकाएकी चढली,
आणि पुन्हा सपाट. आता ओता, नाहीतर नका ओतू.
आमच्या गल्लीतल्या सुईणमावशीला ही रेघ माहीत होती.
सहाणेवर जायफळाचा एक वेढा, बाळ झोपतं.
दोन वेढे, जरा जास्तच झोपतं.
तिसरा तिने कुणाला दिला नाही.
मात्रा लागू पडली, एवढंच म्हणायची;
चढ किती, ते तिच्या मनगटात होतं.

एक ठिपका तेवढा रेघेला जुमानेना.
तिसरी मात्रा, ब बशी.
शेजारणी एकवीस, बावीस. ही सहा.
इतक्या पातळ विषाने कोण एवढं खंगतं?
रेघेच्या वर एकटाच, घारीसारखा.
माऊस त्याच्यावर नेला, टिचकी मारली,
रेघ लगेच देखणी झाली.
मग मीच त्याला परत आणला.

संध्याकाळी रुबाबभाऊ तडवी बशा धुवायला न्यायला आले,
पडद्याकडे बघून म्हणाले, "त्या रातीची का बा ही?"
कोणत्या रात्रीची?
मे महिना, दिवसा सेहेचाळीस,
रात्री लाईट गेली ती पहाटे आली,
इन्क्युबेटरची भट्टी.
"म्या समद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाखाली ठेवल्या.
एक मांगच्या कप्प्यात राह्यली."
सांगितलं का नाही?
"इचारलं कुठं कोनी."

म्हणजे हा गुळगुळीत बाक,
हा माथा, हा तळ,
सगळं एका गोणपाटावर उभं.

ठिपका मी वगळला, पण पुसला नाही;
पोकळ वर्तुळ करून ठेवला.
खाली टीप: ३-ब, एकोणीस मे, रात्री वीज नाही, उष्णतेने वाढ खुंटली.
बाकीच्या बशा रुबाब तडवी यांनी हलवल्या.
सरांनी दुसरं वाक्य खोडलं.
मी परत लिहिलं.

निम्म्याची जागा शून्य पूर्णांक बेचाळीस.
खाली एकोणतीसपर्यंत, वर एकसष्टपर्यंत, तेही लिहिलं.
पण रात्री अंथरुणात उठून बसले:
माठाखाली तरी किती अंश होते?
तेवीसच्या तेवीस थोड्या सरकल्या असतील,
सगळ्या मिळून,
म्हणूनच कुणी वेगळी दिसली नाही.

सोमवारी पुन्हा चोवीस बशा.
एक थर्मामीटर माठाखाली ठेवलाय.
रुबाबभाऊ पाणी प्यायला वाकले की
आधी त्याच्याकडे बघतात.