छातीचा फोटो

एकतीस वर्षं मी माणसांच्या पाठी पाहिल्या.
छातीचा फोटो काढताना माणूस तुमच्याकडं पाठ करून उभा राहतो,
थंड पत्र्याला छाती लावून,
हात कमरेवर, खांदे पुढं, हनुवटी वर.
मी शिशाच्या पडद्याआडून ओरडायचे :
श्वास घ्या. रोखा. रोखा. सोडा.
त्या एका रोखलेल्या श्वासाएवढीच आमची ओळख.

आता निवृत्त झाल्यावर
माझगावच्या शाळेत, शनिवारी चार ते सहा,
सहावीच्या बाकावर गुडघे मुडपून बसते
आणि ग्रेशस सर फळ्यावर त्रिकोण काढतात :
अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ.
शेजारची रिदा वहीत उतरवून घेते. मी नाही.
जाड माणसाला जास्त, पोराला कमी,
हाडापर्यंत पोचायचं तर किती, नुसत्या फुप्फुसाला किती,
उजेड मोजून देणं हीच तर माझी नोकरी होती.
फक्त तो उजेड दिसायचा नाही.

पण चेहरा?
चेहऱ्याला किती लागतो, ते कुणी शिकवलं नव्हतं.

"कॅमेऱ्याला अक्कल नसते," सर म्हणतात,
"त्याला सगळं जग राखाडी हवं असतं.
पांढरी भिंत दिसली की घाबरतो, डोळे किलकिले करतो,
आणि भिंतीपुढचा माणूस काळा होऊन जातो.
तेव्हा आपण सांगायचं त्याला : एक घर वर. दीड घर वर.
आणि आधी विचारायचं. चोरून काढलात
तर पुढच्या शनिवारी येऊ नका."

दारूखान्यात पाठवलं आम्हाला,
मोडलेल्या जहाजांच्या बाजारात.
दोरखंडांची वेटोळी, पितळी गोल खिडक्या,
कुणाच्या तरी केबिनमधलं बेसिन,
परक्या लिपीतली पाटी, तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल.
अर्धा तास मी साखळ्यांचेच फोटो काढले.
साखळीला विचारावं लागत नाही.

मग चुन्याच्या भिंतीपुढं, पत्र्याच्या सावलीत, स्टुलावर
जैनुद्दीन मुकादम. जुना गॅसकटर, आता दोर विकतो.
"काढू का?" एवढं म्हणायला घसा खाकरावा लागला.
"काढ की बाय. पैशे तर नाय ना पडत?"

पहिला काळा. नुसती टोपी आणि कान.
एक घर वर. जरासा माणूस.
पुन्हा डोळा लावला
आणि सवयीनं तोंडातून गेलं :
श्वास रोखा.

म्हातारा उठला.
स्टूल पायानं सारलं, वळला,
हात कमरेवर, खांदे पुढं,
हनुवटी वर करून
भिंतीला छाती लावून उभा राहिला.

इतकं बरोबर. कोपरसुद्धा सरळ करावं लागलं नसतं.
सदऱ्याखाली पाठीची दोन पाती
बाजूला सरलेली, फुप्फुसाला वाट देत,
आणि तो थांबलेला. खरोखरच रोखून.
रिदा हसली. मग हसायची थांबली.

सोडा, चाचा. सोडा.
इकडं वळा.
आज तोंडच पाहिजे.

तो वळला, गालाला चुना लागलेला.
दीड घर वर.
मागची भिंत जळून पांढरीफटक झाली, जाऊ दे म्हटलं,
आणि चेहरा आला,
भुवईतल्या ठिणगीच्या जुन्या खुणेसकट.

मागच्या पडद्यावर वाकून त्यानं विचारलं,
"काय निघाला?"

या प्रश्नाला माझं एकच उत्तर असायचं :
रिपोर्ट डॉक्टर सांगतील.
सावली दिसत असली तरी.
रुपयाएवढा डाग समोर दिव्यावर लटकत असला तरी.
इथं डॉक्टर कुणीच नव्हता.
मी बटण दाबत दाबत चेहरा मोठा केला, अजून मोठा.
डाव्या डोळ्यात उजेडाचा एक चौकोन
आणि त्यात वाकून उभी कुणीतरी बुटकी बाई.

"हललाय जरा," म्हटलं.
"बसा, पुन्हा काढते.
श्वास घेत राहा."